माळाकडं तोंड केलेला कर्णा

आमचे शेजारी सिदूतात्या कर्णेवाले माईक जोडला की ‘हॅलो, हॅलो’ म्हणत नसत. ते मेंढरं बोलावत. घसा खाकरून, जीभ टाळूला लावून ‘हुर्रर्र, हुर्रर्र, येऽ येऽ’ अशी लांबलचक हाक कर्ण्यातून सोडत. मांडवात बसलेले वऱ्हाडी एकमेकांच्या तोंडाकडे बघत. एकदा कोऱ्हाळ्यात नवरदेवाच्या मामाने विचारलं, “आमाला म्हनता का काय?” तात्या म्हणाले, “येत असाल तर या की.”

तात्यांचं घराणं मूळचं मेंढरं राखणारं, पणदऱ्याकडचं. कालव्याचं पाणी आलं, लोक उसाला लागले, आणि तात्यांनी वाटणीची मेंढरं विकून एक अँप्लिफायर, दोन कर्णे, तबकड्यांचा बाजा आणि बॅटरी घेतली. थोरले भाऊ म्हाळबा आपला कळप घेऊन माळावर निघून गेले, ते घरी यायचेच बंद झाले. तात्या ही हकिगत एका वाक्यात सांगत आणि लगेच बॅटरी पुसायला घेत.

अँप्लिफायरला ते ‘मशीन’ म्हणत आणि घोंगडीत गुंडाळून ठेवत. त्याला गारठा बाधतो, असं त्यांचं ठाम मत होतं. मशीनला आवाज लहानमोठा करायच्या तीन गुंड्या होत्या. माईकची ती थोरली, तबकडीची ती मधली आणि धाकटीला काहीच काम नव्हतं. कुणी विचारलंच तर तात्या म्हणत, “यील कुनीतरी तिच्या वाटंचं.”

तो कुणीतरी मी आहे, याबद्दल मला तरी शंका नव्हती.

मी बारामतीच्या शाळेत मास्तर. एका सुट्टीत पुण्याला जाऊन मी विजेवर वाजणारी हवाईयन गिटार घेऊन आलो होतो. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि तिच्या तारांवरून लोखंडाची कांडी सरकवतात. मी ओट्यावर रियाजाला बसलो की गल्लीतली माणसं जाता जाता विचारत, “मास्तर, झाली का इस्त्री?” कलावंताला हे सोसावंच लागतं, असं मी बायकोला समजावून सांगत असे. ती म्हणे, “आणि शेजाऱ्यांनी काय काय सोसायचं?”

तात्यांनी मात्र माझी तार धाकट्या गुंडीला जोडून दिली. मशीनच्या आतले दिवे तांबडे होईपर्यंत ते मला तारेला हात लावू देत नसत. मला वाटे, सगळ्या गुंड्या शेवटपर्यंत पिळल्या की गिटार इंदापूरपर्यंत ऐकू जाईल. तात्या माझा हात बाजूला करत.

“मास्तर, तिघींना एकदम मोकळं सोडायचं न्हाय. धाकटी चरायला सोडली, तर थोरल्या दोघी कोंडायच्या. न्हायतर त्या फुसफुसत्यात आन् हिचं कायबी ऐकू येत न्हाय.”

मग राहिली आवाज जाड-बारीक करायची चौथी गुंडी. ती ते माझ्या कानावर कधी सोडत नसत. मांडवाबाहेर गाडीचे बैल बांधलेले असत, त्यांच्याकडे बघत फिरवत. बैलाने कान झटकले की आवाज टोचतोय, रवंथ चालू राहिला की बरोबर. “मानूस मानापानापायी वा वा करतंय,” ते म्हणत. मांडव भरण्याआधी मी गिटार वाजवून बघे, तेव्हा बैल कान झटकायचे थांबत, पण रवंथही थांबवत. याचा अर्थ काय घ्यायचा ते मी कधी विचारलं नाही.

तात्यांची एकच गोष्ट मला खटके. कार्यक्रम कुठलाही असो, एक कर्णा ते मांडवाकडे लावत आणि दुसरा उघड्या माळाकडे. तिकडे बोरीबाभळींशिवाय काही नसे.

वरकुट्याच्या पाटलांच्या मुलीच्या लग्नात मला पहिल्यांदा सर्वांसमोर वाजवायचं होतं. मी नवा कोट शिवला होता, ऐन वैशाखात. बांबूवर चढलेल्या तात्यांना मी खालून म्हणालो, “तात्या, आज तरी दोन्ही कर्णे माणसांकडे करा. गिटारीचा अर्धा आवाज बाभळींना कशाला?”

“त्यो तसाच ऱ्हाईल, मास्तर.”

“पण तिकडे ऐकतंय कोण?”

तात्या खाली उतरले, मेंढरांची हाक दिली, आणि जरा वेळ माळाकडे बघत उभे राहिले. मग थोरल्या दोघींना बंद करून त्यांनी धाकटी मोकळी सोडली.

मी एक आर्त धून वाजवायला घेतली. कांडी खालपासून वरपर्यंत नेत, थरथरवत, डोळे मिटून. कर्ण्यामुळे आवाज जरा नाकातून येत होता, पण मांडव शांत होता. आपण लोकांच्या काळजाला हात घातला, असं मला वाटलं. मग गलका झाला म्हणून डोळे उघडले, तर मांडवात मेंढरं शिरली होती आणि खांबाला बांधलेले आंब्याचे डहाळे खात होती. त्यांच्या पुढे एक उंच म्हातारा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, धापा टाकत उभा होता.

“कुठं अडाकलंय?” तो म्हणाला.

“काय?” पाटलांनी विचारलं.

“कोकरू. कवाधरनं वरडतंय. कुठं अडाकलंय त्ये?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गिटार मांडीवरून खाली ठेवली.

तात्या मशीनपाशी नुसते उभे होते. म्हातारा त्यांना ओळखून थबकला. मेंढरं हाकलायला धावलेली माणसंही जागच्या जागी थांबली.

“दादा,” तात्या म्हणाले, “माजी हाक ऐकू येती का तुला, माळावर?”

“येती की. होळी झाली, कोकनातनं परतलो, की दर लग्नाला येती. मेंढरं माना वर करत्यात.”

“मग येत का न्हाईस?”

म्हाळबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. “हाक मेंढरांस्नी मारतुयास, सिद्या. मला कुठं मारलीस?”

इतकी वर्षं तात्या कर्णा बाभळींकडे का लावत, ते मला तिथे कळलं. गल्लीत भिंतीला भिंत लागून राहत होतो आणि मी आपला अर्धा आवाज वाया गेल्याचं रडगाणं गात होतो. मला फार वाईट वाटलं. तात्यांनी भावाचा हात धरून त्यांना पंगतीत नेऊन बसवलं आणि स्वतः वाढायला उभे राहिले. माझं वादन पुढे चालू करा, असं कुणी म्हणालं नाही.

त्यानंतर तात्यांची माईकची हाक बदलली. जोडला की म्हणत, “दादा, जेवाय ये.” मांडवात पाच-सहा तरी दादा असतच, ते उठून हात धुवायला जात. तात्यांची नजर माळाकडे असे. म्हाळबा बहुधा येत. कधी कळप लांब असला, वारा उलटा असला, तर वाट रिकामीच राही. मग तात्या थोरल्या दोघींना कोंडत, धाकटी मोकळी सोडत आणि हळूच म्हणत, “मास्तर, जरा कोकरू अडकवा.”

मी कोट काढून ठेवून गिटार मांडीवर घेत असे आणि अगदी जीव ओतून वाजवत असे. माझं वाजवणं ऐकून धावत येणारा तेवढा एकच माणूस होता.