हवेला घाबरणारे मिराशीकाका

वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत नवा कुकर आला की हळदकुंकू नंतर. आधी तो मिराशीकाकांना दाखवावा लागतो. काका शिट्टी काढून भोकातून आरपार बघतात, रबर ताणतात आणि "जा, लाव वरण" म्हणून परवानगी देतात. मुलांच्या वाढदिवसाला फुगे दिसले की मात्र हाच माणूस केक न खाता जिन्यात जाऊन उभा राहतो. रंगपंचमीला पाण्याचे फुगे स्वतः भरून वाटतो. का, म्हणून विचारलं की वाक्य ठरलेलं: "पाणी फुटलं तर भिजवतं. आणि हवा फुटली तर..." पुढे चष्मा पुसायला सुरुवात. या वाक्याचा शेवट आम्ही कुणी ऐकला नव्हता. आमचे आम्ही जोडलेले विनोदी शेवट मात्र बिल्डिंगभर फिरत असत.

तर असे हे काका, बॉयलरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर, पार्किंगमध्ये पाणबुडी बांधत होते. एका माणसाची. काकूंनी केव्हाच हात टेकले होते. "लोकांचे नवरे सकाळी फिरायला जातात," त्या म्हणत, "आमचे बुडायला निघालेत."

मी एकदा विचारलं, "काका, बाळकुमच्या खाडीत खाली जाऊन दिसणार काय?"

"चिखल."

"मग जायचं कशाला?"

"अरे, बुडायला काय अक्कल लागते? वर येता आलं पाहिजे."

वर यायचं तर पाणबुडीच्या पोटातलं पाणी दाबाच्या हवेने बाहेर ढकलायचं, आणि ती हवा साठवायला काकांनी स्वतः वेल्डिंग केलेली टाकी. तिची तपासणी म्हणजे सोहळा. टाकी गळ्यापर्यंत पाण्याने भरायची, हवेचा एक बुडबुडा आत राहू द्यायचा नाही. मग हातपंपाने नेहमीच्या दीडपट दाब चढवायचा, सगळ्यांना खांबामागे पिटाळायचं आणि अर्धा तास काट्यावर नजर ठेवायची. काटा घसरला की टाकी नापास. चार वेळा नापास झाली. चौथ्या वेळी वेल्डमधून निघालेली धार थेट सेक्रेटरींच्या लेंग्यावर.

"बघा, नुसते भिजलात!" काका आनंदाने म्हणाले. सेक्रेटरींना तेवढा आनंद झाला नाही. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: महिनाअखेर टाकी पास करून पाणबुडी हलवा, नाहीतर भंगारवाल्याला बोलावू.

काकांनी टाकी पुन्हा वेल्ड केली. महिन्यातला शेवटचा रविवार उजाडला आणि नळाला पाणीच नाही. लाइनच्या दुरुस्तीसाठी दिवसभर बंद. काका तोंड पाडून घरी बसले. मला वाईट वाटलं. आणि माझ्यासारख्या माणसाला वाईट वाटलं की तो काहीतरी करून बसतो. गाडीच्या टायरमध्ये हवा भरायचा माझा पंप आणला, टाकीला जोडला आणि चालू केला. शेवटी तिच्यात हवाच भरायची आहे ना! मग मोठ्या फुशारकीने हाक मारली, "काका, या बघायला! पाण्याशिवाय काम होतंय!"

काका अनवाणी धावत आले. दंडाला धरून मला खांबामागे ढकललं, पंप बंद केला आणि कॉक हळूहळू सोडला. सगळी हवा फुसफुसत निघून जाईपर्यंत ते टाकीच्या आणि माझ्या मध्ये उभे होते. 

"काका, पाणी नव्हतं म्हणून म्हटलं..."

"त्या दिवशी कारखान्यातपण नव्हतं," ते म्हणाले. "माल द्यायची घाई होती. मीच विलासला सांगितलेलं, आजच्या दिवस हवेवर बघून घे. बावीस वर्षांचा होता रे पोरगा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या वाक्याचे सगळ्यात चावट शेवट माझेच होते. काकांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"पाणी फुटलं तर भिजवतं, सुधीर. आणि हवा फुटली तर त्याच्या आईकडे निरोप घेऊन आपल्याला जावं लागतं."

मी वर गेलो. घरात आंघोळीसाठी साठवलेलं पाणी होतं तेवढं बादल्यांनी खाली आणलं, आणि टाकी गळ्यापर्यंत भरून हातपंपाने दाब चढवल्यावर, काकांनी दाखवलं तिथे, खांबामागे, अर्धा तास गुपचूप उभा राहिलो. काटा हलला नाही.