मंदी पाहायला आलेले पाहुणे

देशात मंदी आहे की नाही, हे ठरवण्यासाठी सरकारने ती प्रत्यक्ष पाहायचे ठरवले. विरोधक म्हणत होते, आहे. मंत्रिमहोदय म्हणत होते, अद्याप आढळलेली नाही. तेव्हा मंत्रिमहोदयांनी स्वतः एका नमुना घराला भेट द्यावी आणि तिथे मंदी आढळल्यास बंद कारखान्यांना विजेची सवलत द्यावी, असा निर्णय झाला. नमुना म्हणून जळगावच्या पिंप्राळ्यातले निंबाभाऊंचे घर मुक्रर झाले.

निवड चोख होती. निंबाभाऊ प्लास्टिकच्या चटया विणणाऱ्या कारखान्यात मशीनवर होते आणि कारखान्याला दिवाळीपासून कुलूप होते. "सवलत मिळाली की दुसऱ्याच दिवशी मशीन सुरू करतो," असे मालक बन्सीलालशेठ सांगून बसले होते. निंबाभाऊंना फक्त जे आहे ते दाखवायचे होते. म्हणून त्यांनी रिकामे डबे ओळीने मांडून झाकणे काढून ठेवली.

त्यांच्या बायकोने, बेबाबाईंनी, ती पुन्हा लावली. "पाव्हना घर येई नि उपाशी जाई का?"

"अव, आपलाकडे काही नही शे, हाईच तं त्यास्ले दखाडनं शे!"

"दखाडा ना. पन जेवाडीसन दखाडा."

झाले! बेबाबाईंच्या मामांच्या मळ्यातून हिरवी वांगी आली. ती भाजायला शेजारच्या धम्मपालने कपाशीच्या काड्या आणल्या. त्याचीही नोकरी त्याच कुलपाआड होती. समोरच्या ताईबाईंनी तेलाचा डबा आणि कोरी चादर दिली. कुणी खुर्च्या दिल्या, कुणी दही दिले. गल्लीने आपापली मंदी झाकून निंबाभाऊंची अब्रू राखली.

मंत्रिमहोदय "फक्त पाणी घेऊ" म्हणत आले आणि भरीत-पुरीच्या पानावर बसले. सोबतचे आर्थिक सल्लागारही बसले, कॅमेरेवाले उभे राहिले. निंबाभाऊंनी धीर करून तोंड उघडले, "साहेब, कारखाना बंद शे, घरमा..."

एवढ्यात साहेबांच्या पानातली पुरी संपली. वाक्य तिथेच राहिले आणि निंबाभाऊंचा हात परातीकडे गेला. "ल्या साहेब, एक तं ल्या! काहीच खादं नही तुम्ही!"

"आग्रह तीव्र," सल्लागारांनी नोंदवले.

"मंदी असती तर माणूस एकदा विचारून थांबला असता," मंत्रिमहोदयांनी विश्लेषण केले. मग हात धुऊन, तृप्त आवाजात त्यांनी विचारले, "बाकी, कसं चाललंय निंबाभाऊ?"

हाच तो क्षण. दारातून धम्मपाल डोळ्यांनी खुणावत होता, सांगा, सांगून टाका. निंबाभाऊंनी साहेबांकडे पाहिले, कॅमेऱ्याकडे पाहिले, भरल्या घराकडे पाहिले आणि हात जोडले.

"तुम्हनी कृपा शे साहेब. मजामा."

संध्याकाळी घोषणा झाली. खंबीर नेतृत्वामुळे जळगाव जिल्हा मंदीमुक्त झाला असून मंदी धुळ्याच्या दिशेने सरकली असण्याची शक्यता आहे. तेथील प्रशासनाने सतर्क राहावे. सवलतीची गरज उरली नसल्याने प्रस्ताव निकाली. कारखान्याचे कुलूप गंजू नये म्हणून बन्सीलालशेठनी त्याला तेल लावले.

निंबाभाऊंना आपली जीभ हासडून टाकावीशी वाटली. धम्मपाल तर रागाने बोलेनासाच झाला.

वाचकहो, तुम्हीही हसलात. हरकत नाही. पण परवा रस्त्यात कुणीतरी तुम्हाला "काय, कसं चाललंय?" असे विचारले होते. तुम्ही काय उत्तर दिलेत, आठवते? सरकारने तेही हिशेबात धरले आहे.