रक्तातच आहे

नोकरीच्या मुलाखतीत कुसुमावती एकदाच थाप मारून गेली होती. "आम्ही जातीचे रंगारी, सर. रंगकाम माझ्या रक्तातच आहे." खरं तर तिच्या वडिलांची नजरबाद मोहल्ल्यात झेरॉक्सची टपरी, आणि बाईंना सगळी विद्या मोबाइलवरच्या व्हिडिओंनी दिलेली. पण प्राचार्य नागेंद्र भुलले आणि फॅशनच्या पोरांना 'टाकाऊ कापडाला नैसर्गिक रंग' शिकवायचं काम तिच्या गळ्यात पडलं.

आज समिती येणार होती. कापड पसंत पडलं नाही, तर वर्ग बंद आणि बाई घरी.

सकाळी तिने गंजकं कुलूप कसंबसं उघडलं. पोरांच्या घरच्या जुन्या चादरी हिरड्याच्या पाण्यातून काढून दोरीवर टाकल्या होत्या. सुकल्या का म्हणून तिने एकेक चाचपली. अजून ओलसरच होत्या.

हजेरी संपत नाही तोच पुढच्या बाकावरच्या अमूल्या नावाच्या पोरीने हळूच विचारलं, "मॅडम, ही बोटं कुणाची?"

फिकट चादरीवर पाच काळी बोटं उमटली होती. बघता बघता ती गडद झाली. मग शेजारच्या चादरीवर पाच. मग तिसरीवर.

"रात्रभर कुलूप होतं," कुसुमावती पुटपुटली. "किल्ली माझ्याकडेच."

हे ऐकून पोरं जास्तच घाबरली. अमूल्याने रंगासाठी कालवलेलं हळदीचं पाणी उचललं आणि देवाचं नाव घेत चादरींवर शिंपडलं.

"अगं, डाग पडतील," म्हणत कुसुमावतीने साबणाची वडी घासली. पिवळं होतं ते तिच्या हाताखाली लालभडक झालं आणि टपटप फरशीवर गळू लागलं. तिने वडिलांना फोन लावला.

"अप्पा, इथं काहीतरी आहे. काळे हात उमटतायत, रक्त गळतंय."

"अय्यो. हिरड्याला गंज लागला की काळंच होतंय, मगळे, पोरी. हळदीला साबण लागला की लाल. अष्टेच, एवढंच. तुझ्या रंगारी आजोबांनी जन्मभर हेच केलं."

"मग मला कधी सांगितलं का नाहीत?"

"मुलाखतीहून येऊन तूच म्हणालीस ना, रक्तातच आहे म्हणून?"

तिने आपला तळवा पाहिला. कुलपाचा तांबूस गंज रेषारेषांत बसला होता. तेवढ्यात दार करकरलं. समितीला घेऊन नागेंद्र आत आले आणि उंबऱ्यातच थबकले.

"बाई, हे काय?"

"आमच्या घरची पद्धत, सर," लाल ठिबकणारे हात जोडत कुसुमावती म्हणाली. "रक्तातच आहे."

वर्ग मंजूर झाला. समितीने सह्या मात्र दाराबाहेरूनच केल्या.