गजभिये भाऊंचे नेमलेले नातेवाईक

आमच्या वॉर्डात एक्स-रेची गाडी शिरायच्या आधी टेक्निशियन गजभिये भाऊंचा आवाज शिरतो. "चलो, बाहर! सगळे बाहर! डबे राहू द्या, माणसं हलवा!" सिस्टर मी, वॉर्ड माझा, अन् हुकूम यांचा! माझं डोकंच फिरतं.

ज्या पेशंटला खाली नेता येत नाही त्याच्यापर्यंत गाडी ढकलत आणायची, पाठीखाली प्लेट सरकवायची, फोटो काढायचा अन् निघायचं. काम एवढंच. पण नाही! फोटो झाला की हे दारात उभे राहून पुन्हा ओरडणार, "या जी, आपापल्या माणसाजवळ या!" बाहेरचे सगळे आत येतात. अन् एखाद्या खाटेजवळ कोणीच आलं नाही, की यांच्या अंगात येतं.

पनागर गावच्या एका हिंदी बोलणाऱ्या म्हाताऱ्या बाबांजवळ असंच कोणी नव्हतं. भाऊंनी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोला पकडलं. "दीदी, आप इनकी भानजी. बैठो."

अचानक भाची आलेली पाहून बाबा चक्रावले. "मेरी तो बहन ही नहीं है, भैया!"

"भानजी तो है ना अब? बस."

एकदा डॉक्टरांचा राउंड चालू असताना मलाच एका आजींची सून केलं! मी फाडकन बोलले, "भाऊ, मला कामं नाहीत का? काहून नाती वाटून राहिले तुम्ही?"

"दोन मिनिटं बसा जी, ताई. दाराकडे पाहून राहिली ना ती."

बसले. करते काय? राउंड तसाच पुढे गेला अन् बोलणी मी खाल्ली.

मागच्या महिन्यात भाऊच न्यूमोनिया होऊन माझ्या वॉर्डात आले. विजय नगरात एकटेच राहतात, मागंपुढं कोणी नाही, हे तेव्हा कळलं. इतक्या वर्षांत एका शब्दानं बोलले नाहीत, बाप्पा!

नवा टेक्निशियन गाडी घेऊन आला. त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं, भाऊंचा फोटो घेतला अन् गाडी वळवून चालता झाला. हाक नाही, काही नाही. लोक आपले आपले आत आले, आपापल्या खाटेजवळ बसले. भाऊ दाराकडे पाहत पडले होते.

असा संताप आला मला! त्या नव्याचा, भाऊंचा, सगळ्यांचाच. हातातला ट्रे आपटला, दारात गेले अन् ओरडले, "गजभियेंचं कोण आहे? या जी, आपल्या माणसाजवळ या!"

अन् मीच आत येऊन त्यांच्या स्टुलावर बसले. "मोठी बहीण आहे मी. गप पड आता."

भाऊंनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणतात, "इतक्या दूर काहून बसली, ताई? स्टूल जवळ घे ना."

तिथूनही हुकूमच! मी स्टूल जवळ ओढलं.