उदगीरच्या आडात सहस्रकुंड

डोळ्यांना काही खटकलं की शिवाण्णा एक डोळा मिटायचा, हाताचा अंगठा पुढं धरायचा आणि ती गोष्ट अंगठ्यानं झाकून बघायचा. टँकरपुढची रांग, नवरदेवाचं टक्कल, तहसीलच्या भिंतीवरच्या पानाच्या पिचकाऱ्या, सगळं अंगठ्याआड. मग समाधानानं म्हणायचा, "जाईल की हे. मिक्सिंगमधी बघू."

उदगीरला घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं, लग्नाच्या शूटिंग-मिक्सिंगचं. दुष्काळातही लग्नं काही थांबत नाहीत. मंडपाबाहेर घागरींवरून हमरीतुमरी चाललेली असायची आणि शिवाण्णाच्या व्हिडिओत नवरी सहस्रकुंडाच्या धबधब्यापुढं लाजत उभी! कुठं ते इस्लापूरकडचं सहस्रकुंड आणि कुठं आम्ही. तालुक्यातली यच्चयावत जोडपी त्या एकाच धबधब्यात भिजली.

"अण्णा, दुसरं पाणीच नाही का हो तुमच्याकडं?" मी एकदा विचारलं.

"हाय त्यात काय वाईट हाय, बाई? आटत तर न्हाई."

त्याची रीत सोपी होती. जोडप्याला हिरव्या कापडापुढं उभं करायचं आणि कॉम्प्युटरला सांगायचं, हिरवं तेवढं काढ, तिथं धबधबा भर. आता नवरीच्या हातात हिरवा चुडा असतो, हे त्या बाबाला सोडून सगळ्या जगाला ठाऊक. एका लग्नात कॉम्प्युटरनं चुडाही काढला. नवरीच्या मनगटांतून धबधबा वाहायला लागला आणि पंजे नुसतेच हवेत. सासू दुकानात येऊन जी काय कडाडली! "नवी नवरी, अन् तिचे रिकामे हात दावतोस व्हय रे मुडद्या?" शिवाण्णानं एकेक चित्र थांबवून त्या बांगड्या पुन्हा रंगवल्या. मी म्हटलं, अहो, निळं कापड का नाही आणत? तर म्हणे, "हिरवं बघून बरं वाटतंय. बाहेर हाय कुठं?"

अशा माणसाकडं मी माझी शॉर्टफिल्म घेऊन गेले. दुसरं कोण होतं गावात? मी शाळेत मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात लोकांना नाटकासिनेमासाठी छळते. उदगीरचा जिल्हा व्हावा म्हणून काही मंडळींनी समिती काढली होती, तिच्या मेळाव्यात माझी फिल्म दाखवायची ठरली. गोष्ट साधी होती. कोरडा ठणठणीत आड आणि शेवटी त्याला पाणी येतं. आड शिवाण्णाच्याच परसातला.

समितीच्या अध्यक्षांनी मध्येच टूम काढली, तहसीलच्या इमारतीवर 'जिल्हाधिकारी कार्यालय' अशी पाटी दिसली पाहिजे. शिवाण्णानं चहा येईपर्यंत पाटी लावून दिली. अध्यक्ष हरखून बघतच राहिले.

"झाला की जिल्हा," शिवाण्णा म्हणाला. "गाडीवर लाल दिवाबी लावू काय?"

जिल्हा झाला, पण पाणी काही होईना. कधीही विचारा, "करायलोय की बाई," एवढंच उत्तर. मेळावा तोंडावर आला आणि माझा पारा चढला. एका दुपारी मी दुकानात ठाणच मांडलं. म्हटलं, आता माझ्यासमोर करायचं.

त्यानं खुर्ची कॉम्प्युटरपुढं ओढली. मग म्हणाला, "पाणी सहस्रकुंडाचंच घ्यावं लागंल," आणि त्यानं जुनं शूटिंग उघडलं. धबधबा ओळखीचा, पण त्याच्यापुढं एक बाई उभी होती. हिरवा चुडा, भिजलेला पदर. "बंद करा की" असं हातानं खुणावत होती आणि खळखळून हसत होती.

"ही कोण?"

"महादेवी. लग्न झाल्यावर माहूरला देवीला गेलतो. येताना सहस्रकुंडाला उतरलो."

"मग इतक्या लग्नांत ही कधी दिसली नाही ती?"

"पुसतो न्हवं. त्याबिगर नवरीला कुठं उभं करू?"

महादेवी म्हणजे त्याची बायको. कर्नाटकातल्या भालकीची. ती माहेरी जाऊन बसलीय, हे गावाला ठाऊक होतं. कशापायी, ते मला त्या दुपारी कळलं. आड आटल्यावर पाणी भरायचं तिच्या एकटीवर पडलं. टँकरच्या रांगेत रेटारेटी झाली, ती घागरीसकट पडली आणि कंबर धरून घरी आली. म्हणाली, पाण्याचं आता तरी काहीतरी बघा.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

शिवाण्णानं मान खाली घातली. "काय म्हणणार? तोंडात बसलंय तेच. मिक्सिंगमधी बघू."

मला हसू फुटलं, ते मी पदराआड दाबलं. महादेवी तशीच भालकीच्या गाडीत बसली होती. आडाला पाणी आलं की येईन, म्हणाली होती.

बोलता बोलता त्यानं ते धबधब्याचं पाणी आडात उतरवलं. काय सांगू! कडेच्या दगडांवर ओल, मध्ये आभाळाचा तुकडा हलतोय. घागर घेऊन धावावंसं वाटलं.

"अण्णा, हे पाठवा की तिला."

"पाठवलं तर येईल की हो," तो म्हणाला. "उतरल्या उतरल्या आडात वाकून बघंल. म्हणून तर इतके दिस हात लागत नव्हता ह्याला."

मेळाव्यात पाणी दिसल्याबरोबर मांडव उठून उभा राहिला. टाळ्या, शिट्ट्या! जिल्हा काही झाला नाही, पण आडाची ती क्लिप मोबाईलवरून गावोगाव फिरली.

दोन दिवसांनी मी जेवणाचा डबा घेऊन शिवाण्णाकडं गेले होते. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्या फोनवर स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नसे.

"आडाला पाणी आलंय म्हणं," महादेवीचा आवाज आला. "भावाच्या मोबाईलवर बघितलं. पिशवी भरून ठेवलीय मी. येऊ काय?"

मागचं दार उघडं होतं, तिथून आड दिसत होता. मी मनात म्हटलं, म्हण रे बाबा, हो म्हण! एकदा येऊ तर दे तिला, पुढचं पुढं. शिवाण्णानं सवयीनं एक डोळा मिटला, आडाकडं अंगठा धरला आणि मग हात खाली घेतला.

"न्हाई आलं," तो म्हणाला. "मिक्सिंग हाय ते."

पलीकडं पिशवी खाली टेकवल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता ठेवते ही फोन. मग हलक्या आवाजात तिनं कानडीत विचारलं, "ऊटा आतेनरी?" म्हणजे, जेवण झालं का?

"हाव, झालं," शिवाण्णा म्हणाला. "भाकरी केलती. पिठलंबी केलतं."

स्वयंपाकघरात परात पालथी पडली होती आणि तिच्यावर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ होती.