शालूबाईच्या खानावळीची वाट

"कुठं काय चांगलं मिळतं हे मला इचारा. देवाला इचारू नका, त्याला रोज एकच प्रसाद!"

असं जयसिंगराव म्हणायचे आणि कचेरीतली अठरा माणसं माना डोलवायची.

कचेरी कोल्हापुरात, राजारामपुरीत होती. खात्याचं नाव सांगत नाही. तिथं नेमकं काय काम चालतं हे तिथल्या माणसांनाही स्वतःच्या निवृत्तीच्या भाषणातच पहिल्यांदा कळायचं. पण जेवायला कुठं जावं हे मात्र आल्या पावण्याला दोन मिनिटांत कळायचं. कारण दाराजवळच्या टेबलावर जयसिंगराव बसलेले असायचे. पांढरा रस्सा कुणाचा, सुकं मटण कुणाचं, मिसळ खाताना पहिला घास पावाचा की कटाचा, सगळ्यावर त्यांचा शब्द शेवटचा. शिपाई बेळगावला लग्नाला निघाला तरी आधी त्यांच्यापुढं उभा राहायचा.

"स्टँडवर उतारलं की उजवीकडच्या पयल्या हॉटेलाकडं बघायचंबी न्हाय. दुसऱ्यात शिरायचं. कोपऱ्यातलं टेबल धरायचं!"

कोपऱ्यातलंच का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. जयसिंगराव स्वतः मिरजेच्या पुढं कधी गेलेले नव्हते.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुमच्या-माझ्यात राहू द्या. एकोणनव्वद सालापासून जयसिंगरावांनी हॉटेलची पायरी चढलेली नव्हती. डॉक्टरांनी तिखट बंद केलं होतं. मिरची कांडपाच्या गिरणीवरून नुसते सायकलनं गेले तरी पुढच्या चौकापर्यंत त्यांना उचक्या लागायच्या! रोज बरोबर एकला ते "जरा बँकेत जाऊन येतो" म्हणून उठायचे आणि थेट सातव्या गल्लीत घरी यायचे. तिथं शालनवहिनींनी गुरगुट्या भात, वर तूप आणि वाटीभर ताक काढून ठेवलेलं असायचं. कोल्हापुरात राहून तिखट न सोसणं म्हणजे पैलवानानं गुदगुल्यांना घाबरण्यासारखं. वहिनींनी ही गोष्ट माहेरीसुद्धा सांगितली नव्हती.

मग एवढी माहिती यायची कुठून? काल जेवून आलेल्याला विचारायचं आणि आज जाणाऱ्याला सांगायचं, बास! पण चौऱ्याण्णव साली पुण्याहून एक हिशोबतपासनीस आला. त्याला कोल्हापूरची सगळी नावं पाठ होती. "ही सगळ्यांना ठाऊक असलेली नकोत, एखादं आतलं सांगा," म्हणाला. भोवती अख्खी कचेरी कान टवकारून उभी. जयसिंगरावांना 'माहीत नाही' हे दोन शब्द कधी बोलताच आले नव्हते.

"पेठ वडगाव!" ते म्हणाले. "शालूबाईची खानावळ. बाजारपेठेच्या मागं, चिंचेखालनं आत. पाटी न्हाय. पाटी लागली की चव गेली!"

तशी खानावळ नव्हतीच. शालूबाई हे नाव त्यांच्या तोंडात आलं ते खिडकीतनं पलीकडच्या गच्चीवर कुणीतरी त्या नावानं हाक मारली म्हणून. पण पंधरा दिवसांनी तपासनिसाचं पत्र आलं, "असं जेवण जन्मात जेवलो नाही!" जयसिंगराव मनात म्हणाले, बिचारा! जागा सापडली नाही हे सांगायची लाज वाटली असणार. पुढं आणखी चारजण जाऊन आले. तेही तेच म्हणाले. हेडक्लार्क बाळासो तर "मी महिन्यातनं दोनदा असतोयच की तिथं" म्हणायला लागले. जयसिंगराव त्यांच्याकडं बघायचे आणि एक लबाड दुसऱ्याकडं ज्या आदरानं बघतो, तसं हसायचे.

अठ्ठ्याण्णव साली जयसिंगरावांच्या टेबलावर बदलीचा कागद पडला. कागल!

तुम्ही म्हणाल, कागल म्हणजे काय काळं पाणी आहे? वीस किलोमीटर! एस.टी.नं गेलं तर एक डुलकीसुद्धा पुरी होत नाही. पण कागलहून दुपारी एकला सातवी गल्ली कशी गाठायची?

"डबा न्या की मग," शालनवहिनी म्हणाल्या.

"डबा? अगं, तिथं समदी एकत्र बसत्यात! झाकण काढलं आणि आत गुरगुट्या भात दिसला की नऊ वर्षांची अब्रू ताकात गेली!"

बदली रद्द करणं एकाच माणसाच्या हातात होतं, पुण्याचे इंगवले साहेब. ते बुधवारी तपासणीला येणार होते. जयसिंगराव मंगळवारी दोनदा दाढी करून बसले.

साहेब आले, खुर्चीत बसले, फायलींकडं बघून एक जांभई दिली. जयसिंगरावांनी अर्ज पुढं केला.

"कागल ना? बघू की," साहेब म्हणाले. "जेवल्यावर बघू. आधी मला शालूबाईकडं न्या! पुण्यात सगळे त्याच गप्पा मारतात. तुमचंच नाव सांगतात हो!"

जयसिंगरावांच्या पायाखालची फरशी वडगावच्या दिशेनं सरकली.

"साहेब, आज बुधवार... बंद असतंय बहुतेक..."

"छे! बुधवारीच खास असतं म्हणतात."

हे बुधवारचं कुणी घुसवलं होतं, देव जाणे!

साडेबाराला जीप निघाली. पुढं साहेब, चाकावर पिराजी ड्रायव्हर, मागं जयसिंगराव आणि बाळासो. बाळासो 'जरा दाढ दुखतीय' म्हणत होते, पण जयसिंगरावांनी त्यांना दंडाला धरून आत बसवलं होतं. हायवे सुटला, वडगावची वेस आली. पिराजीनं विचारलं, "कुणीकडं घिऊ?"

"बाळासो सांगतील," जयसिंगराव मोठ्या मनानं म्हणाले. "परवाच गेलते न्हवं?"

बाळासोंच्या कपाळावर घामाचे थेंब दिसायला लागले.

"गेलतो की... पर रातच्याला गेलतो. दिवसा गाव येगळंच दिसतंय! जयसिंगराव, तुमी तर मूळ पुरुष. तुमीच सांगा की."

"मानाचा मान तुमाला!"

"छ्या छ्या, पयला मान तुमचा!"

"अहो, कुणीतरी सांगा!" साहेब म्हणाले. त्यांच्या पोटातून जीपपेक्षा मोठा आवाज आला.

पिराजीनं पानपट्टीपाशी ब्रेक मारला. "पावणं, शालूबाईची खानावळ?"

"व्हय की!" पानपट्टीवाला क्षणभरही न थांबता म्हणाला. "हितनं सरळ जावा. वडाला डावं घाला. कुणीबी सांगंल!"

जयसिंगरावांनी त्या माणसाला मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला. माहीत नाही म्हणणारा माणूस या जिल्ह्यातच जन्मत नव्हता तर! वडाला डावं घातलं, तिथं शिंपी म्हणाला, "म्हागं ऱ्हायली की, उजवीकडं!" उजवीकडच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं सांगितलं, "सरळ, शाळंच्या पल्याड. लई भारी जेवान!" शाळेच्या पलीकडं नुसता ऊस होता. तिथून परत फिरले ते जीप पुन्हा पानपट्टीपाशीच आली.

"गावली का?" पानपट्टीवाल्यानं आपुलकीनं विचारलं.

दोन वाजले. साहेबांचा चेहरा कमी तेलात तळलेल्या पापडासारखा व्हायला लागला. "जयसिंगराव," ते म्हणाले, आणि पुढं काही बोलले नाहीत. ते न बोललेलं जयसिंगरावांना स्वच्छ ऐकू आलं. त्यात 'कागल' हा शब्द होता.

मारुतीच्या कट्ट्यावर आकाराम नावाचा म्हातारा तंबाखू मळत बसला होता. जयसिंगराव खाली उतरले आणि शेवटचा उपाय म्हणून त्याला विचारलं.

"शालूबाई?" आकाराम म्हणाला. "वारली की ती. सा म्हैनं झालं."

आहाहा! नऊ वर्षांत इतकं गोड काही जयसिंगरावांच्या कानावर पडलं नव्हतं. ही कुठली शालूबाई, कुणाची कोण, असल्या चौकशीत ते पडलेच नाहीत. चेहरा पाडून ते जीपपाशी आले.

"साहेब, घात झाला. शालूबाई गेल्या."

"अरेरे!" साहेब म्हणाले.

बाळासोंना तर आधारच मिळाला. त्यांनी रुमाल काढला. "आईगत वाढायची वो! 'बाळासो, आनि एक भाकरी खा', म्हनायची..." आणि ते खरोखर रडले! जयसिंगराव थक्क झाले. बाई जन्माला घालणारे आपण आणि सुतक यांना!

"आता हायवेला कुठंतरी दहीभात खाऊन घिऊया," जयसिंगराव हळूच म्हणाले.

"नाही!" साहेबांचा आवाज भरून आला होता. "अख्खं पुणं जिचं नाव घेतं, तिच्या दारावरून तसंच जायचं? घरच्यांना भेटून जाऊ. पिराजी, एक हार घ्या!"

हार घेतला. झेंडूचा, जाडजूड. नळावर धोंडुबाई नावाची एक बाई घागर भरत होती. पिराजीनं विचारलं, "मावशी, शालूबाईचं घर?"

आतापर्यंत सगळ्यांनी नुसतं बोट दाखवलं होतं. धोंडुबाईनं घागर कडेवर घेतली आणि "या माज्या म्हागनं" म्हणून चालायला लागली. जयसिंगराव पहिल्यांदा खरोखर घाबरले. बाजारपेठ मागं पडली. पुढं एक चिंच आली. चिंचेखालून बोळ आत गेला. जयसिंगरावांनी चिंचेला हात लावून बघितला. झाड खरं होतं!

बोळाच्या टोकाला ओसरीवर एक धिप्पाड म्हातारी लसूण सोलत बसली होती. साहेबांनी चपला काढल्या, हात जोडले.

"आम्ही पुण्याहून आलो. शालूबाई गेल्याचं आत्ताच कळलं. फार वाईट झालं!"

म्हातारीनं हारावरून साहेबांकडं आणि साहेबांवरून हाराकडं नजर फिरवली.

"कोन गेलं?"

"शालूबाई."

"मी शालूबाई."

बाळासोंचा रुमाल डोळ्यावरच राहिला. साहेबांनी हार पाठीमागं नेला, तिथं पिराजीनं तो अलगद काढून घेतला आणि निमूट जीपच्या नाकावर घालून आला.

"वारली ती मारुतीजवळची शालू," म्हातारी म्हणाली. "गावात सात शालूबाया हायती. तुमी कोल्लापूरचं व्हय? खानावळ हुडकत?"

"हो!" साहेब म्हणाले.

"आलंच कळून! चार वरसं झाली, कोन ना कोन दारात उभं. म्या म्हनलं, बाबा, ही खानावळ न्हवं, घर हाय! कोन ऐकतंय? 'चिंचेखालनं आत, पाटी न्हाय,' म्हनत्यात. पाटी कशी असंल, मुडद्या, घराला? पयल्याला शिव्या घातल्या. पर भुकेजलेलं त्वांड बघून जीव ऱ्हाईना. वाढलं. त्यानं जाऊन धा जनास्नी सांगितलं. आता बुधवारी कोल्लापुरास्नं पावनं येनार म्हनून सुना पाटंपास्नं वाटन वाटत्यात!"

म्हणजे तपासनीस खरं बोलला होता. बाकीचे चारजणही खरं बोलले होते. खोटे काय ते दोघंच, आणि ते दोघंही जीपमधून आले होते.

"हात-पाय धुवा," म्हातारी म्हणाली. "आनि मला येवढंच सांगा. पयल्यांदा कुनी धाडलं? त्यो गडी मला बघायचा हाय!"

बाळासोंनी हळूच एक पाऊल मागं घेतलं. जयसिंगराव चिंचेकडं बघायला लागले. पण साहेबांची छाती अभिमानानं फुगली होती.

"हे काय, हेच! आमचे जयसिंगराव!"

म्हातारी उठली. तिनं आतनं पळी आणली. ती मारायची की वाढायची हे कळेपर्यंत जयसिंगरावांनी दोन्ही विचार सोसले.

"तू व्हय! बस हितं, माज्या म्होरं! सगळ्यास्नी धाडतूस आनि सोता चार वरसात एकदाबी आला न्हाईस?" नशीब, साहेब तेवढ्यात हात-पाय धुवायला गेले होते, त्यांच्या कानावर हे पडलं नाही.

ताट आलं. मध्ये मटण, बाजूला तांबड्या रश्श्याची वाटी. वाटी कसली, छोटी विहीरच! वरचा तवंग बघून जयसिंगरावांना डॉक्टरांचा चेहरा दिसला. समोर साहेब, डोक्याशी पळी घेऊन उभी म्हातारी. पळायला वाट नव्हती. त्यांनी डोळे मिटले आणि वाटी तोंडाला लावली.

पहिल्या घोटाला कानातून वाफ निघाली. दुसऱ्याला मिरज दिसली. तिसऱ्याला मिरजेच्या पुढचंही दिसायला लागलं! डोळ्यांतून धारा लागल्या. "आनि घे," म्हातारी म्हणाली आणि विहीर पुन्हा भरली. नाही म्हणायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. तिसरी वाटी झाली तेव्हा साहेब स्वतःचं जेवण थांबवून त्यांच्याकडं बघत होते.

"बघा बाळासो, बघा! खाता खाता रडतायत! जेवणावर इतकं प्रेम मी कुणाचं पाहिलं नाही."

साहेबांनी हात पुसले, खिशातून पेन काढलं आणि तिथंच, शालूबाईच्या ओसरीवर, कागलच्या कागदावर आडवी रेघ मारली. "रद्द! अशा माणसाला तिथं कुजवायचं?"

जयसिंगरावांनी हात जोडले. बोलता तर येत नव्हतं. जाताना शालूबाईनं त्यांच्या पाठीत धपाटा घातला आणि पुढच्या बुधवारी बायकोला घेऊन ये म्हणून सांगितलं.

जीपमध्ये साहेब पोटावर हात फिरवत मागं वळले. "जयसिंगराव, नंदुरबार नवा जिल्हा झालाय. कचेरी उभी करायला मलाच पाठवतायत. अनोळखी मुलूख, कुठं जेवायचं काही कळत नाही. तुमच्यासारखा माणूस मला बरोबर पाहिजे! दोन्ही वेळ आपण एकत्रच जेवू. काय म्हणता?"

जयसिंगरावांनी जोरजोरात मान हलवली. पण हायवेवर खड्डे इतके होते, की ती कुठल्या दिशेनं हलली हे साहेबांना नीट दिसलं नाही. त्यांनी आपल्या सोयीची दिशा धरली.

घरी आल्यावर शालनवहिनींनी एवढंच विचारलं, "कागल रद्द झालं न्हवं?" जयसिंगरावांनी होकार दिला आणि ताकाचं भांडं तोंडाला लावलं. पुढचं सांगायला जीभ जागेवर नव्हती. वहिनींनी देवापुढं साखर ठेवली आणि गल्लीत पेढे वाटले. जयसिंगराव अंथरुणावरून हातवारे करत होते, पण वहिनींना वाटलं, आणखी पेढे आणा म्हणतात. त्यांनी आणखी पेढे आणले.

चौथ्या दिवशी टपालानं कागद आला. वहिनींनी तो उभ्यानंच वाचला. मग खाली बसून वाचला.

"अवं, हे नंदुरबार कुठं आलं?"

जयसिंगरावांची जीभ अजून जागेवर आलेली नव्हती. त्यांनी उत्तरेकडं हात केला आणि लांब, आणखी लांब, असा नेत राहिले. शेवटी हात संपला.