सदर मुलगी शांत आहे

"काकांनी जोडलेल्या वस्तूला हात लावायचा नाही."

आमच्या घरात हा नियम मला बोलता यायच्या आधीपासून आहे. तो का आहे हे विचारायचं नाही, हा त्याचा पोटनियम. काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. ते आणि काकू आमच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर राहतात. काकांनी उभं आयुष्य वीज खात्यात काढलं, त्यामुळे पंखा, इस्त्री, फ्रिज, मोबाइल, ज्याला म्हणून बटण आहे ते सगळं त्यांच्या अखत्यारीत येतं. वीज खात्यात ते नेमकं करायचे काय, हे मी कॉलेजात असताना एकदा विचारलं. ते रजेचे अर्ज मंजूर करायचे. (नामंजूरही करायचे. जुने सहकारी भेटले की त्याच आठवणी जास्त काढतात.) म्हणजे विजेशी त्यांचा संबंध टेबलावरच्या दिव्यापुरता. हे मी बोलून दाखवलं तेव्हा बाबा म्हणाले, "मोठ्यांबद्दल असं बोलू नये," आणि मुद्दा निकालात निघाला. आमच्याकडे सगळे मुद्दे असेच निकालात निघतात.

मागे काकांनी दोन टीव्ही एकदम घेतले, कारण दोन घेतले तर सूट होती. एक वर, एक खाली. दोन्ही घरांत मिळून इंटरनेटही एकच घेतलं. टीव्ही पहिल्यांदा सुरू झाला की स्वतःचं नाव काय ठेवायचं ते विचारतो. काकांनी वरच्या टीव्हीचं नाव ठेवलं 'हॉल'. मग खाली येऊन आमच्या टीव्हीचं नाव ठेवलं 'हॉल'.

"अहो काका, दोघांचं नाव एकच?"

"दोन्ही हॉलमध्येच आहेत ना?"

मग काकांनी दोन्ही रिमोटना प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या, वर रबरबँड लावले आणि जाहीर केलं की सेटिंगला कोणी हात लावायचा नाही. (पिशवीतून बटण दाबायचं म्हणजे अंगठ्याची कुस्ती. हात लावायची कोणाची टाप नव्हती आणि ताकदही.)

आता माझ्याबद्दल. मी इंजिनिअर आहे आणि माझा विषय आहे सांडपाण्याचं शुद्धीकरण. घरात हा शब्द उच्चारत नाहीत. मी "पाण्याचं काहीतरी" करते. लांबच्या एका शहरात मोठा प्रकल्प उभा राहतोय आणि तिथल्या नोकरीच्या शेवटच्या फेरीपर्यंत मी पोहोचले होते. मला ती नोकरी इतकी हवी होती की स्वप्नातही मला टाक्या दिसत होत्या. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "एवढ्या लांब? आणि तेही तसल्या पाण्यासाठी?" बाबा म्हणाले, "आपल्याकडे काय सांडपाणी कमी आहे?" काका काहीच म्हणाले नाहीत. काका काही म्हणाले नाहीत की समजावं, त्यांनी काहीतरी ठरवलेलं आहे.

शेवटच्या फेरीसाठी माझ्या कामाचा व्हिडिओ करून पाठवायचा होता. रविवारी दुपारी मी तो रेकॉर्ड केला, कंपनीला पाठवला आणि मग एकदा नीट बघावा असं ठरवलं. (हो, याच क्रमाने.) लॅपटॉपच्या पडद्यावर माझे गाळाचे फोटो चहाच्या डागासारखे दिसत होते. पलीकडे ते मोठ्या पडद्यावर बघणार, तर आपणही टीव्हीवर टाकून बघू. वायर नको, काही नको, दोन क्लिकचं काम. घरातही कोणी नव्हतं. वीज खात्यातले काकांचे जुने साहेब, जे अजून नोकरीत आहेत, आणि त्यांच्या बाई, म्हणजे पत्नी, वर चहाला येणार होते, म्हणून आई-बाबाही वर गेले होते.

"तूही ये थोड्या वेळाने," आई जाताना म्हणाली होती. "आणि तो गाऊन बदलून ये."

"मी कशाला?"

"साहेबांना नमस्कार करायला."

"मी कधी त्यांच्याकडे रजा मागितली होती?"

"हेच बोलू नकोस तिथे," आई म्हणाली आणि गेली.

मी लॅपटॉपवर टीव्ही शोधायला घेतला. दोन हॉल दिसले. कुठला आपला, हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून मी पहिला निवडला. जोडलं गेल्याची खूणही आली. व्हिडिओ सुरू केला. आमचा टीव्ही ढिम्म. लॅपटॉपचा आवाजही गेला, म्हणजे तो टीव्हीकडे गेला असणार. मी आवाज वाढवला. टीव्ही तरी गप्प. आणखी वाढवला, पार शेवटपर्यंत नेला. टीव्हीच्या मागे जाऊन वायरी हलवल्या. (नियम मोडल्याचा जो काही आनंद व्हायचा तोही झाला नाही, कारण उपयोग शून्य.)

वर छतात खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. कोणीतरी धावलं. मी म्हटलं, साहेब आले वाटतं, काय ती धांदल!

वर खरोखर काय चाललं होतं ते मला आईकडून नंतर कळलं. साहेब आणि बाई सोफ्यावर बसले होते. हातात चहा, बशीत बिस्किटं. काका त्यांना टीव्हीवर काहीतरी दाखवणार होते आणि आपल्या लॅपटॉपवर बोट ठेवून उभे होते. इतक्यात टीव्ही आपोआप उजळला आणि भिंतभर तपकिरी फेस उकळायला लागला. कोपऱ्यातल्या चौकटीत मी, आणि खिडक्या हादरतील एवढ्या आवाजात माझं निवेदन: "हा गाळ ताजा आहे. याचा रंग बघा. आता जवळून बघू."

काकूंनी कप खाली ठेवला. "बंद करा हो ते. चहा घशाखाली जात नाहीये."

"पुतणीला चित्रकलेची आवड आहे," काका साहेबांना म्हणाले. "रंगांचे प्रयोग करते."

"हे हलतंय," साहेब म्हणाले.

काका आपल्या लॅपटॉपवर बंद करायचं बटण दाबत होते, पण त्यांच्या लॅपटॉपवर मी नव्हतेच, तर बंद काय होणार? मग ते पुन्हा सुरू करायचं बटण दाबत. पुन्हा बंद. पुन्हा सुरू. बाबा पिशवीतल्या रिमोटशी झटत होते. एकट्या साहेबांच्या बाई पुढे सरकून बसल्या होत्या. "थांबा हो," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या टाकीबद्दल काय सांगतेय ती, ऐकू द्या."

हे वर. आणि खाली आमचा टीव्ही एकदम जिवंत झाला.

मला वाटलं, आला व्हिडिओ! पण पडद्यावर गाळ नव्हता. शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या घातलेली मी होते. मागे सनई वाजत असावी अशी काहीतरी धून होती, आणि तिच्यावर काकांचा आवाज, कार्यालयीन टिपणी वाचून दाखवावी तसा:

"सदर मुलगी शांत आहे."

मी टीव्हीकडे बघतच राहिले. पुढचा फोटो आला. कॉलेजात फीवाढीविरुद्ध मोर्चा काढला होता त्यातला. मी सगळ्यांच्या पुढे, मूठ वर, घोषणा देताना तोंड कानापर्यंत फाकलेलं. हातातला फलक काकांनी कापून टाकला होता. आवाज: "सदर मुलीस गायनाची आवड आहे."

त्यानंतर वक्तृत्व स्पर्धेची ढाल घेतानाचा फोटो. "सदर मुलगी मोठ्यांचा शब्द मोडत नाही. प्रश्न विचारत नाही. तरी आपल्या खात्याच्या रजा विभागात कनिष्ठ लिपिकाच्या रिक्त जागी..."

फिल्म थांबली. पडदा काळा. मग पुन्हा वेण्या, पुन्हा सनई, पुन्हा "सदर मुलगी शांत आहे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. साहेबांना चहाला बोलावण्याचं कारण कळलं. मी गाऊन का बदलायचा तेही कळलं. मी लांब जाऊ नये म्हणून माझ्यासाठी चार गल्ल्यांवर खुर्ची शोधली होती, तीही काकांचीच जुनी, आणि माझी लायकी म्हणून नेमके तेच गुण लिहिले होते जे माझ्यात औषधालाही नाहीत. आई-बाबांना हे माहीत होतं. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"मी शांत नाहीये!" मी टीव्हीवर ओरडले.

"सदर मुलगी शांत आहे," टीव्ही म्हणाला. (वर काकांनी पुन्हा बटण दाबलं होतं.)

"प्रश्न विचारणार! शंभर विचारणार!"

पडदा काळा. सनई. "सदर मुलगी शांत आहे."

तेवढ्यात मला लॅपटॉप दिसला. जोडलं गेल्याची खूण अजून तशीच होती. आमच्या टीव्हीवर काका होते, मग माझा गाळ कुठल्या टीव्हीवर होता?

मी चालू लॅपटॉप तसाच काखोटीला मारला आणि गाऊनमध्येच जिना चढले. एरवी दोन मजल्यांमधला तो जिना चढताना मी हळू आवाजात बोलण्याचा सराव करते. त्या दिवशी केला नाही.

वरचं दार उघडंच होतं. आत कोणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, कारण सगळ्यांचं लक्ष माझ्याकडेच होतं. भिंतीवरच्या 'मी'ने नुकतेच "धन्यवाद" म्हणून हात जोडले होते. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण भिंतीवरची मी संपेना. तिने एक लांब श्वास सोडला, खुर्चीत मागे रेलली, दोन्ही पाय टेबलावर ठेवले आणि छताकडे बघून म्हणाली:

"सुटले बाई! आता ही नोकरी मिळू दे, म्हणजे काकांच्या दुमजली साम्राज्यातून कायमची रजा. मंजूर! मंजूर! मंजूर!"

आणि तिने टेबलावर टाचेने तीन शिक्के मारले.

(रेकॉर्डिंग थांबवायला मी बहुतेक विसरले होते.)

पडदा काळा झाला. सगळ्यांच्या माना टीव्हीकडून दाराकडे वळल्या.

"साम्राज्य?" काका म्हणाले.

"गाऊन," आई म्हणाली.

"आधी ये, बस," बाबा म्हणाले. "साहेबांना नमस्कार कर. नंतर बोलू."

"नंतर म्हणजे कधी, बाबा? फिल्म निघाली, चहा झाला, जागा ठरली. माझ्याशी बोलायचं कधी ठरलं होतं?"

"तुला सरप्राइज होतं," काका म्हणाले. त्यांचा आवाज एरवीपेक्षा लहान वाटला. "एवढी लांब एकटी जाणार. आजारी पडलीस तर कोण आहे तिथे? इथे चांगली पंख्याखालची खुर्ची आहे. सुरुवातीला मी स्वतः बसलोय त्या खुर्चीत."

"आणि आमच्याकडे काम काही फार नसतं," साहेबांनी भर घातली. "प्रश्न विचारायचे नाहीत, एवढंच."

मी लॅपटॉप टीपॉयवर ठेवला, बिस्किटांच्या शेजारी.

"साहेब, ती जागा रिकामी आहे ना? रिकामीच ठेवा. मी येणार नाही. काका, मी शांत नाही. मला गाता येत नाही, तो मोर्चा होता. मी सांडपाण्याचं काम करते. सांड-पाण्याचं. ही नोकरी मिळाली तर जाणार, नाही मिळाली तर दुसरीकडे मिळवणार आणि तिकडे जाणार. आजारी पडले तर फोन करीन, तुम्ही या, मला बरं वाटेल. पण माझी रजा मंजूर करायचं काम तुमचं नाही."



मी बाबांच्या हातातून रिमोट घेतला. रबरबँड काढला, पिशवी ओढून काढली. आतली बटणं कोरी करकरीत होती. सगळ्यांच्या देखत सेटिंगमध्ये गेले आणि 'हॉल' खोडून लिहिलं, 'काकांचा हॉल'. काकांचा हात रिमोटच्या दिशेने उठला, अर्ध्यात थांबला आणि मांडीवर परत गेला. बाबा फरशीकडे बघत होते. आईने माझ्या गाऊनबद्दलसुद्धा काही म्हटलं नाही. काकूंनी मात्र गुपचूप चहाचा कप पुन्हा उचलला. आमच्या घरात मोठी माणसं गप्प बसलेली मी पहिल्यांदा बघत होते. एखादी फिल्म काढावी तर या क्षणाची, असं वाटलं.

साहेबांच्या बाईंनी बशी बाजूला ठेवली.

"मला तुझं आवडलं बाई," त्या म्हणाल्या. "आमच्या बिल्डिंगमागे एक टाकी आहे, तिला वास मारतो. तुझ्या त्या दुसऱ्या टाकीसारखाच गाळ आहे. कशाने होतं ते?"

"हवा मिळत नसेल," मी म्हटलं. "कोंडून ठेवलं की सडतं."

मी काकांकडे एक कटाक्ष टाकला. वाक्य चांगलंच जमलं होतं. याच्यावर उठून निघून जावं, म्हणून मी लॅपटॉप उचलला आणि दारापर्यंत पोहोचलेही.

"बरोबर, बरोबर," बाई मागून म्हणाल्या. "फार छान केलायस व्हिडिओ. फक्त कंपनीला पाठवायच्या आधी तो शेवटचा भाग तेवढा काप हं. ते पाय आणि ते शिक्के."

मी वळले. काका माझ्याकडे बघत होते. बाबा, आई, काकू, साहेब, सगळे माझ्याकडे बघत होते, मी काय बोलते याची वाट बघत.

खालून, आमच्या टीव्हीवरून, सनई ऐकू येत होती.

सदर मुलगी शांत होती.